एकाक्षरी ‘ना’

‘त्याला माझी ना नाही.’ लग्नाच्या बोलणीत, सोसायटीच्या सभेत, भावाभावांच्या वाटणीत हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. चार शब्द, त्यांतले दोन नकाराचे, आणि अर्थ होकाराचा. पण हा होकार नुसत्या ‘हो’पेक्षा फार वेगळा आहे. ‘हो’ म्हणणारा पुढे येतो, हात देतो. ‘माझी ना नाही’ म्हणणारा वाटेतून जरा बाजूला होतो. स्वतःची पसंती तो सांगत नाही; अडवण्याचा आपला हक्क मात्र सोडून देतो. बोलणारा मनातून खूश आहे की नाइलाजाने मान डोलावतो आहे, हे त्या वाक्यावरून कधीच कळत नाही, आणि ते कळू नये हीच त्या वाक्याची सोय आहे.

इथला ‘ना’ नाम आहे आणि स्त्रीलिंगी आहे: माझी ना, त्यांची ना. सरकारी कचेरीने हीच वृत्ती शिक्का मारून कागदावर आणली आणि तिला ‘ना हरकत प्रमाणपत्र’ असं नाव दिलं. हे प्रमाणपत्र देणारं खातं तुमचं काम चांगलं आहे, असं म्हणत नाही. आमची आडकाठी नाही, एवढंच म्हणतं. ‘ना नफा ना तोटा’ या जोडीत तोच ‘ना’ तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखा बसतो. ‘ना खंत ना खेद’ म्हटलं की मात्र त्याच जोडीला धार येते, कारण आता ती माणसाबद्दल बोलते आहे.

एका अक्षराचं रसग्रहण करायचं तर सुरुवात घरातूनच करावी. मराठी ‘ना’ इतक्या जागी इतक्या रीतींनी बसतो, की परक्या भाषांतले त्याचे अवतार ऐकायला कान आपोआप तयार होतात.

‘कळेना’ घ्या. ‘कळत नाही’ आणि ‘कळेना’ यांचा शब्दकोशातला अर्थ सारखाच निघेल. पण ‘पाऊस थांबत नाही’ म्हणणारा माणूस खिडकीशी बसून पाहतो आहे. ‘पाऊस थांबेना’ म्हणणारा छत्री घेऊन दारात खोळंबला आहे. मूल झोपेना, उत्तर सुचेना, रडू आवरेना: या प्रत्येक ‘ना’मागे चाललेला आणि फुकट जाणारा प्रयत्न आहे. क्रियापदाला चिकटलेला हा एवढासा तुकडा कंटाळा, हतबलता, चिकाटी असं सगळं घेऊन येतो. आणि मग त्याच रूपाला ‘का’ जोडला की सगळा ताण सुटतो. ‘असेना का!’ ‘म्हणेना का कोणी काही!’ रूप नकाराचं, अर्थ ‘असू दे’, ‘म्हणू दे’. ज्या ‘ना’ने माणसाला दारात खोळंबून ठेवलं होतं, तोच इथे खांदे उडवून मोकळा होतो.

प्रत्यय म्हणूनही तो काम करतो. ‘त्याला विचार’ आणि ‘त्यांना विचार’ यांत एक माणूस मोठा होतो. एकाच व्यक्तीबद्दल बोलताना ‘ला’च्या जागी ‘ना’ आला, की बोलणाऱ्याने मान झुकवली हे ऐकणाऱ्याला कळतं. घरातल्या नव्या सुनेला आणि ऑफिसातल्या नव्या माणसाला हा ‘ना’ कुठे लावायचा आणि कुठे नाही, याचा अंदाज घ्यायला काही दिवस लागतात.

या सगळ्यांपेक्षा मला जवळचा वाटतो तो वाक्याच्या शेवटी येणारा ‘ना’. ‘सांग’ ही आज्ञा; ‘सांग ना’ हे आर्जव. ‘बस’ म्हणजे बसण्याची सूचना. ‘बस ना’ म्हणजे तू बसलास तर मला बरं वाटेल. नकाराचं अक्षर विनवणीचं कसं झालं? माझं वाचन असं आहे. ‘येतोस ना?’ या प्रश्नात समोरच्याला नकाराची जागा ठेवलेली आहे: येतोस, की नाही? ती जागा ठेवली म्हणूनच प्रश्नाला सौजन्य आलं. ‘ये ना’मध्येही तेच घडतं. बोलणारा आज्ञा देतो आणि त्याच श्वासात, नाही म्हणायची मुभा तुला आहे, हेही सुचवतो. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला विनवण्यात अर्थच नसतो. अर्थात सूर बदलला की हाच ‘ना’ चिडतो: ‘जा ना आता!’ मधल्या ‘ना’त गोडवा राहत नाही. तरी तिथेही समोरच्याकडून काहीतरी हवंच असतं.

‘मी आहे ना.’ हे तीन शब्दांचं वाक्य मराठीत जितक्या वेळा धीर द्यायला वापरलं जातं, तितक्या वेळा दुसरं कुठलं वापरलं जात असेल असं वाटत नाही. ‘मी आहे’ ही नुसती माहिती झाली. ‘ना’ आला की ऐकणाऱ्याकडून दुजोरा मागितला जातो: तुला हे ठाऊक आहे, विसरला आहेस, आठव. लहान मुलं गोष्ट सांगताना ‘आणि ना, मग ना, आम्ही ना’ करतात, तेव्हाही प्रत्येक ‘ना’ ऐकणाऱ्याचं बोट धरून ठेवत असतो. पुढचं वाक्य जुळेपर्यंत समोरच्याने निघून जाऊ नये, एवढीच त्या ‘ना’ची मागणी.

गोव्यात उतरलं की हाच ‘ना’ एकदम भारदस्त होतो. कोकणीत तो आख्खं क्रियापद आहे. ‘हांगा कोण ना’ म्हणजे इथे कोणी नाही. ‘म्हाका खबर ना’ म्हणजे मला माहीत नाही. त्याला अनेकवचनही आहे, ‘नात’. आपण ‘न’ला ‘आहे’ची कुबडी देऊन ‘नाही’ केलं. कोकणीत तो एकटा उभा राहतो.

आता मागे जाऊ, ऋग्वेदापर्यंत. तिथे ‘न’ ऱ्हस्व आहे आणि त्याचे अर्थ दोन आहेत. एक आपल्या ओळखीचा, नकाराचा. दुसरा ऐकून नवखा माणूस चक्रावतो: ‘सारखा’, ‘प्रमाणे’. म्हणजे जे अक्षर ‘हे ते नव्हे’ असं सांगतं, तेच ‘हे त्यासारखं आहे’ असंही सांगतं. यास्काने निरुक्ताच्या पहिल्याच अध्यायात याची दखल घेतली आहे. बोलीत हा ‘न’ फक्त नकाराचा आहे, वेदात मात्र दोन्ही, असं सांगून तो ओळखीची खूण देतो: ज्याचा निषेध करायचा त्याच्या आधी ‘न’ आला तर तो नकार, ज्याची उपमा द्यायची त्याच्या नंतर आला तर ती उपमा. सिंहाच्या आधी ‘न’ असला तर सिंह नव्हे, सिंहाच्या नंतर असला तर सिंहासारखा. त्याने दिलेल्या उदाहरणांत एकीकडे इंद्राला देव न मानणारे लोक आहेत आणि दुसरीकडे सुरेने धुंद झालेल्यांसारखे भांडणारे. अर्थ अक्षरात नसतो, अक्षराच्या बैठकीत असतो, हे त्याने इतक्या साधेपणाने सांगितलं की नंतरच्या भाष्यकारांना फार काही जोडावं लागलं नाही.

आणखी एक बारकावा मॅक्डोनेलने आपल्या वैदिक व्याकरणात टिपला आहे. ‘सारखा’ या अर्थाचा ‘न’ पुढच्या स्वराशी उच्चारात मिसळत नाही. लिहिताना संधी झालेला दिसला तरी वृत्त मोजताना तो सुटा धरावा लागतो. नकाराचा ‘न’ मात्र सहसा मिसळून जातो. म्हणजे ऋषींच्या तोंडी या दोन अर्थांमध्ये श्वासाचा फरक होता. नकार पुढच्या शब्दात घुसतो. उपमा मागच्या शब्दाला टेकून क्षणभर थांबते. लिपीत हरवलेली ही थांबण्याची जागा छंदाने जपून ठेवली, हे मला फार सुंदर वाटतं.

नकार आणि सादृश्य यांचं नातं पुढच्या वैयाकरणांनाही जाणवलं असावं. निषेधाच्या या अक्षराला त्यांनी ‘नञ्’ म्हटलं आणि त्याचे सहा अर्थ मोजले. त्या यादीत पहिला अर्थ अभाव नाही, सादृश्य आहे. मग अभाव, वेगळेपण, अल्पता, अप्रशस्तपणा आणि विरोध. ‘अनश्व’ म्हणजे घोड्याहून वेगळा प्राणी. ‘अधर्म’ म्हणजे धर्माच्या उलट. ‘अनुदरा’ मुलगी म्हणजे पोट नसलेली नव्हे, बारीक कमरेची. एखाद्याला ‘नव्हे’ म्हणताना आपण त्याला ‘त्या’च्या शेजारीच उभं करत असतो, अगदी दूरच्या गोष्टीबद्दल ‘नव्हे’ म्हणायची वेळच येत नाही. दगड घोडा नव्हे, हे सांगायला कोणी तोंड उघडत नाही. आणि जाता जाता: संस्कृतात दीर्घ ‘ना’ म्हणजे पुरुष. ‘नृ’ या शब्दाची प्रथमा ‘ना, नरौ, नरः’ अशी चालते. नकाराशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

डॅनिश भाषापंडित ओटो येस्पर्सनने १९१७ साली एक निरीक्षण मांडलं, ते मला इथे उपयोगी पडतं. नकाराचे शब्द आखूड असतात, वापरून वापरून झिजतात, मग भाषा त्यांना दुसऱ्या शब्दाचा आधार देते आणि हळूहळू तो आधारच मुख्य होऊन बसतो. फ्रेंचमध्ये ‘न’ झिजला तेव्हा ‘पाऊल’ या अर्थाचा ‘पा’ त्याच्या मदतीला आला; आज बोलीत ‘न’ गळतो आणि ‘पा’ एकटा नकार देतो. मराठीने आधारांची फौजच उभी केली: नाही, नको, नये, नव्हे. नाकारणं, नाकबूल करणं, मनाई करणं ही जड कामं त्यांनी वाटून घेतली. मला वाटतं, म्हणूनच एकटा ‘ना’ मोकळा झाला आणि विनवायला, धीर द्यायला, गोष्ट सांगायला उरला. जबाबदाऱ्या उतरल्यावर माणसं मऊ होतात, तसं या अक्षराचं झालं.

त्याचा एक चुलतभाऊ फारसीतून परत आला. नाराज, नालायक, नापसंत, नामंजूर, नादुरुस्त: हा दीर्घ ‘ना’ इराणी वाटेने आलेला, पण मूळ घराणं एकच. काही हजार वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन शाखा मराठीत पुन्हा एका ओसरीवर बसल्या. ‘नावडता’मध्ये आपला ‘न’ ‘आवड’शी जोडला गेला आहे, ‘नापसंत’मध्ये फारसीचा ‘ना’ ‘पसंत’शी. आणि हा पाहुणा इतका घरचा झाला की त्याने ‘पीक’ला हात लावून ‘नापीक’ केलं, इंग्रजी ‘पास’ला हात लावून ‘नापास’ केलं. फारसी उपसर्ग, इंग्रजी शब्द, आणि निकालाच्या दिवशी रडणारं मराठी पोर.

इथपर्यंतचं नातं रक्ताचं. इथून पुढे जे येतं ते नुसतं कानाला सारखं आहे, आणि तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, मला त्याची अधिक ओढ वाटते.

हिब्रूत ‘ना’ आहे. ‘नून’ आणि ‘आलेफ’ अशी दोन अक्षरं. तो आज्ञार्थी क्रियापदाच्या मागे येतो आणि आज्ञेची विनंती करतो. म्हणजे मराठी ‘सांग ना’मधला ‘ना’ आणि हिब्रू ‘ना’ एकाच जागी बसून एकच काम करतात. दोन्ही भाषांचं कूळ वेगळं: हिब्रू सेमिटिक, मराठी आर्य. काही अभ्यासक हिब्रू ‘ना’मध्ये विनंतीपेक्षा ‘तर मग’ असा अर्थ पाहतात, तो वाद चालू आहे. पण ज्यू परंपरेने तो विनंतीचाच मानला, आणि त्याचा सर्वांत धीट दाखला तोराह या ज्यू धर्मग्रंथातल्या उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात आहे.

देव अब्राहामाला सांगतो, तुझ्या मुलाला घे आणि मी दाखवीन त्या डोंगरावर त्याचा होम कर. या भयंकर आज्ञेतल्या ‘घे’ या पहिल्याच क्रियापदाला ‘ना’ जोडलेला आहे. घे ना. तालमुदातल्या पंडितांची नजर नेमकी तिथे थांबली. ‘ना’ हा विनवणीखेरीज दुसऱ्या कशाचाही शब्द नाही, असं त्यांनी म्हटलं. म्हणजे इथे देव हुकूम सोडत नाही, विनवतो. सर्वसमर्थाने एका म्हाताऱ्या बापाला विनवावं, याचा अर्थ त्याला नाही म्हणायची मुभा होती. आणि त्याच अध्यायात, अब्राहाम सुरी उचलतो तेव्हा देवदूत त्याला थांबवतो. मुलावर हात टाकू नकोस म्हणतो. त्या वाक्यात ‘ना’ नाही. मारायला सांगताना आर्जव, वाचवायला सांगताना सरळ हुकूम. हा फरक मुद्दाम केलेला आहे की सहज पडलेला, काहीही असो. ते दोन्ही प्रसंग मराठी कानाने सलग ऐकले, की ‘ना’च्या असण्याइतकंच त्याचं नसणंही ऐकू येतं.

तोराहमध्येच, गणना या ग्रंथात, मोशे आपल्या बहिणीसाठी प्रार्थना करतो. मिर्यामला कोड फुटलं आहे. ती प्रार्थना पाच शब्दांची आहे आणि त्या पाचांत दोन ‘ना’ आहेत. उरलेल्या तिघांत फक्त देव, बरं करणं आणि ती. घाईत, घाबरून बोलणारा माणूस शब्द कमी करतो. मोशेने सगळं टाकलं आणि ‘ना’ मात्र दोनदा ठेवला. कोणीही भाऊ हेच करील.

मग ‘होशिआ ना’. अर्थ: वाचव ना. हे एकशे अठराव्या स्तोत्रात येतं आणि ‘हल्लेल’ या स्तोत्रमालिकेत सणासुदीला म्हटलं जातं. यातल्या ‘ना’च्या नूनमध्ये एक टिंब आहे, उच्चार दुहेरी करणारं; म्हणूनच ग्रीक शुभवर्तमानांत तो शब्द गेला तेव्हा ‘होसान्ना’ असा जोडाक्षर घेऊन गेला. यरुशलेममध्ये येशू शिंगरावर बसून आला तेव्हा लोकांनी हाच घोष केला. तोवर विनवणीचा जयघोष झालेला होता. ‘वाचव ना’ची हाक ‘जय हो’च्या सुरात ओरडली जाऊ लागली. वसईच्या आणि गोव्याच्या चर्चमध्ये झावळ्यांच्या रविवारी ‘होसान्ना’ म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडी आजही त्या हिब्रू ‘ना’चा दुहेरी न आहे, आणि घरी जाताना तो पोराला म्हणतो, ‘चल ना’.

याहून जवळची गाठ रायगडच्या किनाऱ्यावर पडली. अलिबाग, पेण, मुरूड भागातले बेने इस्राएल मराठी बोलत आले आणि हिब्रूत प्रार्थना करत आले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. वल्हांडणाच्या रात्री वाचायच्या ‘हग्गादा’ची एक आवृत्ती १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह निघाली, तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या आहेत. हग्गादात हल्लेल असतंच, त्यामुळे ‘होशिआ ना’ही असतंच. त्या रात्री पानाभोवती बसलेल्या घरात देवाला केलेला ‘ना’ आणि आईला ‘वाढ ना’ म्हणताना केलेला ‘ना’ एकाच जिभेवरून गेले असतील. कुळं निराळी, इतिहास निराळा, काम एक.

अशा जुळणीने हुरळून जाऊन सगळ्या भाषा एकाच मुळातून, बहुधा आपल्याच मुळातून, निघाल्याचं सांगणारी माणसं भेटतात. त्यांच्या उत्साहाचा मला राग येत नाही, पण त्यांचं गणित चुकतं. जगात सुमारे ७,००० भाषा. ‘न’ जवळजवळ सगळ्यांत, ‘आ’ही तसाच. एक व्यंजन आणि एक स्वर एवढ्यावर भागणारी अक्षरं प्रत्येक भाषेत फार तर शे-दोनशे, आणि सततच्या कामाचे छोटे शब्द त्यांतूनच उचलायचे. टकरा होणारच. हिब्रू-मराठी ‘ना’ची टक्कर अशीच योगायोगाची आहे, हे मान्य केल्यावरच तिची गोडी लागते. नातेवाईक असते तर सारखे दिसण्यात काय नवल होतं?

योगायोग फसवतोही, आणि त्याचा उत्तम नमुना घराघरांत पोचलेला आहे. १९९४ सालच्या ‘द लायन किंग’मधला ‘हकुना मटाटा’ हा स्वाहिली वाक्प्रचार: काही अडचणी नाहीत. मराठी कान लगेच ‘हकुना’तल्या शेवटच्या ‘ना’ला नकार समजतो. पण स्वाहिलीत ‘ना’ म्हणजे ‘आणि’, ‘सह’. ‘मिमि ना वेवे’ म्हणजे मी आणि तू. ‘हकुना’ फोडला तर नकार निघतो सुरुवातीच्या ‘ह’मध्ये, ‘कु’ ही जागा, आणि ‘ना’ म्हणजे ‘सह’. त्या जागेसोबत अडचणी नाहीत, अशी ती बांधणी. ‘नीना किताबु’ म्हणजे माझ्याजवळ पुस्तक आहे; शब्दशः, मी-सह पुस्तक. जवळ असण्यासाठी स्वाहिलीत निराळं क्रियापदच लागत नाही, सोबत असलं की पुरतं. यातला ‘किताबु’ मात्र आपल्या ‘किताब’चा खरा नातलग, दोन्ही अरबीतून आलेले. एकाच वाक्यात एक शब्द नात्याचा आणि एक तोतया. आपल्याला जिथे तुटणं ऐकू येतं, तिथे स्वाहिली बोलणारा जोडत असतो. आणि ज्या अरबीने ‘किताब’ दिला, तिच्यात ‘ना’ म्हणजे ‘आमचा’: ‘किताबुना’, आमचं पुस्तक, दुआतला ‘रब्बना’, आमच्या पालनकर्त्या.

‘आमचा’वरून ‘माझा’कडे यायला अरबस्तानात जायची गरज नाही, सोलापूर पुरे. तिथल्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी विणकर पद्मशाली वस्ती आहे, आणि तेलुगूत ‘ना’ म्हणजे ‘माझा’. ‘ना पेरु’ म्हणजे माझं नाव. नव्या मराठी माणसाला फळांचा हिशेब चालला आहे असं वाटेल. ‘ना इल्लु’ म्हणजे माझं घर. मराठीत ‘ना घर’ म्हटलं की पुढे ‘ना दार’ येणार आणि माणूस उघड्यावर पडणार. तेलुगूत त्याच ‘ना’ने घराला मालक मिळतो. त्याच शहरात कानडी माणूस ‘ना बर्तीनि’ म्हणेल, तेव्हा ‘ना’ म्हणजे ‘मी’: मी येतो. मराठी माणूस त्याला ‘ये ना’ म्हणतो आणि तो ‘ना’ म्हणून निघतो. चादरींच्या या शहरात तिघांचाही ‘ना’ एका गल्लीत वावरतो आणि कोणाचीही गफलत होत नाही, कारण कोणीही सुटं अक्षर ऐकत नाही. दक्षिणेला आणखी उतरलं तर जुन्या तमिळमध्ये ‘ना’ म्हणजे जीभ.

पूर्वेकडे चढ-उतार मधे येतात. थाई भाषेत सपाट सुरातला ‘ना’ म्हणजे भाताचं खाचर, उंच सुरातला म्हणजे आईचं धाकटं भावंड, मामा असो वा मावशी. चढत्या सुरातला ‘ना’ म्हणजे जाड, उतरत्या सुरातला म्हणजे चेहरा. आणि वाक्याच्या शेवटी बोलणं मऊ करायला एक आखूड ‘ना’ आहेच. उत्तर व्हिएतनामात ‘ना’ म्हणजे सीताफळ, हे सासवडच्या बागायतदाराला सांगायला हवं. कोरियात ‘ना’ म्हणजे मी, आणि तोही बरोबरीच्या किंवा धाकट्या माणसाशी बोलतानाचा. मोठ्यांसमोर तो बदलावा लागतो. आयर्लंड आणि हवाई बेटं यांच्यामध्ये अर्धं जग आहे. आयरिश भाषेत अनेकवचनी नामाआधी ‘ना’ लागतो; हवाईच्या भाषेतही अनेकवचनी नामाआधी ‘ना’च लागतो. व्याकरणाची हुबेहूब तीच खुर्ची. ‘लोकांना’ म्हणणाऱ्या आपल्यालाही अनेकवचनात ‘ना’ ओळखीचा वाटावा, यात आणखी एक योगायोग मिसळला.

माझ्या मते ‘ना’ने सर्वांत अवघड खेळ जपानी भाषेत केला आहे. तिथे ‘ना’ म्हणजे नाव, ‘ना’ म्हणजे पालेभाजी; पण खरी मजा क्रियापदाच्या शेवटी आहे. ‘इकु’ म्हणजे जाणं. ‘इकु ना’ म्हणजे जाऊ नकोस, आणि तो निषेध कडक आहे. आता ‘इकु’च्या जागी ‘इकि’ करा. ‘इकि ना’ म्हणजे जा की, घरगुती, ढकलणारा, ‘जा ना’च्या फार जवळचा. हा दुसरा ‘ना’ खरं तर एका लांबलचक विनंतीवजा आज्ञेचं उरलेलं टोक आहे, पहिल्याशी त्याचं मूळ जुळत नाही. कानाला मात्र तो एकच ‘ना’. मनाई आणि आग्रह यांच्यामध्ये फक्त एका स्वराचं अंतर, आणि तो स्वरही ‘ना’मध्ये नाही, त्याच्या आधीच्या अक्षरात आहे. यास्काने वैदिक ‘न’ ओळखायला जी खूण दिली, तीच इथे लागू पडते: अक्षराकडे पाहू नका, त्याच्या शेजाऱ्याकडे पाहा. त्यात ‘इकु’ आणि ‘इकि’ यांच्या शेवटचे ‘उ’ आणि ‘इ’ आखूड असतात, आणि बोलणारा घाईत असतो. जपानी शिकायला निघालेल्या मराठी माणसाने आधी हे दोन स्वर कानात पक्के करून घ्यावेत, कारण ‘ना’ ऐकताक्षणी त्याचा जीव आर्जवाकडे धावणार, आणि समोरचा कदाचित त्याला दार अडवून थांबायला सांगत असेल.